आबांचं फिकं भरीत

चहात साखर कमी पडली म्हणून एवढी कुरकुर करता, तर आमच्या आबांचं ऐका. दर हिवाळ्यात पाचोऱ्याजवळ नानांच्या मळ्यात आमची भरीत पार्टी असते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची आणि लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांसोबत कुटायची. आबांना तिखट अजिबात सोसत नसे. ते दरवर्षी म्हणत, "यंदा मिरची राहू द्या ना."

नाना कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. ते लगेच सुनावायचे, "आबा, बडगी एकच आहे. तुमच्या एकट्यासाठी सगळ्यांनी फिकं खायचं का? जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, हाच न्याय!"

आबा हसून दह्यासोबत पुरी खायचे आणि सगळ्यांवरून नजर फिरवत म्हणायचे, "बठ्ठा खुश शेतस ना? मंग मी बी खुश शे."

उन्हाळ्यात आबा वारले. यंदा वांगी भाजून झाली, तशी नानांनी बडगी पुढे ओढली आणि मिरच्या न टाकताच कुटायला लागले.

मी म्हटलं, "अहो नाना, सगळ्यांना तिखटच हवं असतं."

"माहीत आहे," नाना म्हणाले आणि कुटत राहिले.

ते भरीत एकालाही आवडलं नाही. मिरची मात्र कोणीच मागितली नाही.