तो डाग गेला पाहिजे

नाही नाही, त्या स्टुलावर नको बसू काका, त्याचा एक पाय लुळा आहे — इकडे बस, माझ्या खुर्चीत, आणि टेबलाला धक्का लावू नकोस. माहितीये, तू मला न्यायला आलायस, गाडीची वेळ होत आलीये. पण हे चित्र पूर्ण झाल्याशिवाय मी हलणार नाही, तसं बाबांशी ठरलंय माझं. कसलं चित्र? अरे, यीस्टचं! आपल्या बेकरीत येतं तेच. तू त्याला रोज साखर घालून फुगवतोस, मी त्याला उपाशी ठेवते — हसतोस काय, खरंच! उपाशी ठेवलं की ते काय करतं? स्वतःच्याच पेशीतलं जुनं-मोडकं सामान पिशवीत भरतं आणि खातं. जगायचंय ना! मस्त आहे की नाही? आणि ती पिशवी तयार व्हायला सुरुवात करून देणारं एक यंत्र असतं — प्रथिनांचं, पाच तुकडे एकमेकांत अडकलेले. म्हणजे पाच असं मी म्हणते. इथे लॅबमध्ये सगळे चारच म्हणतात.

का म्हणजे? धुण्याचं वेड आहे इथे! यंत्र पेशीतून बाहेर काढलं की खारट पाण्यानं धुवा, परत धुवा, नमुना कसा लख्ख हवा — आमच्या सीनियर ताई तर अशा धुतात, जसं काही लग्नाला न्यायचंय त्याला. पाचवा तुकडा बिचारा सैल बसलेला, तो जातो वाहून. मग मायक्रोस्कोपमध्ये चारच दिसणार ना! मला कसं कळलं? मी नीट धुतलंच नाही. कंटाळा आला होता. म्हणजे — कंटाळा नाही रे, रडत होते. त्याच दिवशी बाबांना फोन केला होता, मला घरी न्या म्हणून, मला हे जमत नाहीये... तुला काय वाटलं, बाबांनी बोलावलं? छे! उगाच भांडलास त्यांच्याशी. मीच म्हटलं होतं. जाऊ दे, तो विषय नको.

तर त्या अर्धवट धुतलेल्या नमुन्यात दिसला — कोपऱ्यात एक डाग. ताई म्हणाल्या, घाण आहे. सर म्हणाले, ताई म्हणतात म्हणजे घाणच. मी म्हटलं, थांबा, दाखवते! मग असं यीस्ट बनवलं, ज्यात पाचवा तुकडा मुळातच नाही, आणि त्याचं यंत्रही तसंच, कमीच धुतलं. आता त्या यंत्राचे लाखभर धूसर फोटो एकावर एक रचून कॉम्प्युटर त्यातून एक चित्र काढतोय. डाग तरीही तिथेच असला तर ती घाण, ताई खऱ्या, आणि मी मुकाट्यानं तुझ्याबरोबर बेकरीत. डाग गेला तर मी राहणार. घाबरले? मी? हात गार आहेत ते एसीमुळे.

थांब — आलं. सरक, सरक जरा. हे बघ, हे यंत्राचे दोन हात, हा सांधा, आणि इथे कोपऱ्यात —

काही नाही.

काका, काही नाही इथे! अरे, तू का तोंड पाडलंस? आणि पाठीवरून हात कसला फिरवतोस, काही नाही हेच तर हवं होतं! पाचवा तुकडा काढला आणि डाग गेला, म्हणजे तो डाग म्हणजेच पाचवा तुकडा होता! पाच आहेत, पाच! नाही, मी नाही येत. बाबांना मीच सांगेन. ताईंना तर आत्ता सांगणार, ओरडून. तू निघ बघू, गाडी चुकेल तुझी. ऊठ ना काका! मला नाचायचंय, आणि तुझ्यासमोर लाज वाटते.