रोज सातला लागणारा दिवा

हसू नका, तुमच्याही गावच्या घरांना कुलूपच आहे. चोरांच्या भीतीने माझ्या मुलाने आमच्या गावच्या घरात काहीतरी यंत्र बसवलं. तो समजावत होता, तेव्हा मी "कळलं, कळलं" म्हणून त्याला गप्प केलं आणि आम्ही मुलुंडला परतलो.

चार महिन्यांनी गावी गेलो, तर शेजारचा दत्ताराम मला बघून तोंड फिरवतो. लहानपणापासूनचा दोस्त! संध्याकाळी दाराचं लॅच लावून (बाहेर कुलूप दिसतच नाही) आम्ही नवराबायको त्याच्याकडे गेलो. बायको आत गेली, मी पडवीत बसलो.

"काय रे, झालं काय?"

"आज बरा बाहेर पडलास."

"आजच आलोय मुंबईहून."

"खोटं बोलतोस? रोज तुझ्या घरात दिवा लागतो, रेडिओ वाजतो. पोरीच्या साखरपुड्याचं सांगायला तीनदा आलो. दार उघडलं नाहीस."

"अरे, मी नव्हतोच!"

"मग रेडिओ कोण ऐकत होतं?"

इतक्यात सात वाजले. माझ्या बंद घरात दिवा लागला आणि रेडिओ सुरू झाला. किल्ली तर माझ्या खिशात! मी दत्तारामची काठी उचलली आणि ओरडलो, "चोर! चोर!"

बायको बाहेर आली. "अहो, बसा खाली. ते आपल्या मुलाचं यंत्र आहे. घरात माणसं आहेत असं चोरांना वाटावं म्हणून रोज सातला दिवा, रेडिओ लावतं."

दत्ताराम पोट धरून हसला. मग म्हणाला, "यंत्र झकास आहे रे. चोर फिरकला नाही. पण तू आहेस म्हणून आम्हीही घराकडे बघायचं सोडलं होतं."

यंत्र काढलं, किल्ली दत्तारामला दिली. त्याच्या पोरीच्या लग्नाला आठ दिवस आधी गेलो आणि दार सताड उघडं ठेवलं.