बारीक आलोय

— नाही काकू, मोठा करता येतो, त्याचा प्रश्न नाही, मशीन आहे, कागद आहे. तुम्ही आधी बसा. त्या स्टुलावर नको, ते पासपोर्टवाल्यांचं आहे, गोल फिरतं, पडाल — ही खुर्ची घ्या. हो, हाच तो भिंतीवरचा. हॉलमध्ये प्रदर्शनात लावला होता तो हाच, नंतर मालकांनी इथे टांगला, गिऱ्हाइकांना दिसावा म्हणून. आणि तुम्हाला त्यातले काका मोठे करून हवेत, घरी लावायला. कळलं मला. दुसरा नाही का एखादा? ओळखपत्रावरचा — बघू — याच्यावर शिक्का बरोबर तोंडावरच बसलाय. लग्नातल्यात मान खाली. बरं. आणि या फोटोबद्दल काय म्हणाले होते ते घरी? ‘बारीक आलोय, पण आलोय.’ असंच म्हणाले? नक्की असंच?

चष्मा नाही ना आणलात तुम्ही? घरी राहिला. बरं झालं — म्हणजे बरं झालं असं नाही हो, मी आपलं काहीतरी बोलतोय. पाणी घ्या. काका गेल्याचं कळलं तेव्हा मी यायला हवं होतं. आलो होतो, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो, दाराबाहेर चपला दिसल्या आणि मागे फिरलो. मला चार माणसांत बोलता येत नाही. नववीत शाळा सोडली तीही त्यामुळेच, उभं राहून वाचायला सांगितलं की घशातून आवाजच फुटायचा नाही — पण काकू, त्या दिवशी फिरलो ते काही त्यामुळे नाही. कशामुळे, ते सांगतो. जरा थांबा, सांगतो.

हे बघा, हे इंजिन. हा डाग नाही, धूर आहे. किती सुंदर येतं ना, थंडीत वाफ अशी पांढरीशुभ्र उभी राहते — मी काय म्हणत होतो? हां. आमचा क्लब आहे, रविवारी ती जुनी वाफेची गाडी सुटते ना हौशी लोकांसाठी, तिचे फोटो काढणाऱ्यांचा. सगळे मोठे लोक, डॉक्टर आहेत, वकील आहेत, कॅमेरे हे एवढाले. फोटोच्या दुकानात काम करणारा मी एकटाच. महिन्यातून एकदा अध्यक्षांच्या घरी जमतो, पडद्यावर एकेकाचे फोटो लावतात आणि सगळे बोलतात, यात हे चुकलं, त्यात ते चुकलं. अध्यक्षांना आम्ही मागून बॉयलर म्हणतो, लगेच तापतात म्हणून. तर माझा फोटो लागला. त्यात काय होतं — इंजिन होतं, रुळापाशी एक सायकल होती, कुणीतरी बाई कपडे वाळत घालत होती, एक शेळी होती. बॉयलर म्हणाले, “हा इंजिनाचा फोटो आहे की मोहल्ल्याचा? शेळीनं तिकीट काढलं होतं का रे?” सगळे हसले. मीही हसलो. हसायचं असतं ना अशा वेळी, नाहीतर लोक म्हणतात याला राग आला. मग ते म्हणाले, “फ्रेम साफ ठेव, बाळा. साफ.” बस्स, एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्याचा फोटो लावला. घरी जाईपर्यंत माझे कान तापलेले होते. आईनं विचारलं, काय म्हणाले रे मोठे लोक? म्हटलं, छान म्हणाले.

आता साफ म्हणजे काय? त्यांच्या भाषेत साफ म्हणजे फोटो काढतानाच नीट बघ, दोन पावलं सरक, नको ते मागे येऊ देऊ नको. हे मला आत्ता कळतं. आमच्या दुकानात साफ म्हणजे वेगळं. गिऱ्हाईक जातं, मालक म्हणतात, “साफ कर रे याला” — की मी कॉम्प्युटरवर बसतो आणि पुटकुळ्या काढतो, तीळ काढतो, डोळ्यांखालचं काळं काढतो. दिवसभर तेच. माझा हात त्यात इतका बसलाय की मला माणसाच्या चेहऱ्यावर आधी डागच दिसतो. तुमचा — नाही, काही नाही.

तर हा फोटो काढला त्या दिवशी मी काकांच्या रेल्वे फाटकावर गेलो होतो. काकांना माहीत होतं मी येणार, आदल्या रविवारी सांगून आलो होतो. टोपी घालून, शर्ट आत खोचून उभे. एरवी शर्ट बाहेरच असायचा ना त्यांचा? मला म्हणाले, “मी येतोय ना रे फोटोत?” मी म्हटलं, हो काका, येताय. म्हणाले, “आजवर सगळ्यांनी गाडीचेच काढले.” मी म्हटलं, माझ्यात तुम्ही येणार. असं म्हटलं मी. मग गाडी आली आणि मी काढला, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर बघितलं तेव्हाच कळलं की असा फोटो माझ्या हातून पुन्हा होणार नाही. धूर, ऊन, वळण, सगळं जागच्या जागी. आणि डाव्या बाजूला काका, हिरवं निशाण धरलेले.

काकू, मी त्यांना साफ केलं.

नाही, कापलं नाही. कापलं असतं तर इंजिनाचं चाकच गेलं असतं. पुसलं. पुटकुळी पुसतात तसं, शेजारचं गवत उचलायचं आणि त्यांच्यावर ठेवायचं, पुन्हा उचलायचं, पुन्हा ठेवायचं. मनात बॉयलर बोलत होते, याचं तिकीट कुठंय म्हणून. त्यात काकांचा राग नव्हता हो मला, तसं समजू नका, मला तर त्या वेळी ते काका आहेत असंही वाटत नव्हतं. इथे या जागी, बघा — नाही दिसणार तुम्हाला, चष्मा नाही — इथे आता गवत आहे. आणि आधीचा फोटो नाही माझ्याकडे. दुकानात आम्ही साफ केलेलाच ठेवतो, आधीचा ठेवायचा नसतो, गिऱ्हाइकाला स्वतःचे डाग परत बघायचे नसतात. त्याच्यावरच सेव्ह करायची सवय. कॅमेऱ्यातलं कार्ड मी एका वाढदिवसाला वापरलं. नंतर ते मी एकाकडे घेऊन गेलो होतो, पुसलेलं परत काढून देतो म्हणतात ना, त्याच्याकडे. त्यात केक निघाले. सगळे केकच.

थांबा, उठू नका. अजून आहे. आता सांगतोच आहे तर.

फोटो सगळ्यांना आवडला. बॉयलर उभे राहिले, म्हणाले, “शिकला बघा पोरगा.” प्रदर्शनात दाराशी लावला. क्लबच्या ग्रुपवर टाकला, तिथेही वाहवा. फक्त एका मुलीनं लिहिलं, नवीनच आली होती, कॉलेजातली असेल. तिनं लिहिलं, गवतावर ही सावली कुणाची? कारण सावली राहिली होती काकू. निशाणाची काठी आणि माणूस, लांब पडलेली, उन्हातली. मी चेहऱ्यांवर काम करणारा, पासपोर्टच्या फोटोत सावली नसते, माझं लक्षच गेलं नाही. बरं, ती नीट विचारत होती. मी तिला काय लिहिलं माहितीये? ‘आधी कॅमेरा धरायला शिका, मग सावल्या मोजा.’ मी लिहिलं हे. मला समोर बसलेल्या माणसाला मान वर करा म्हणायला जड जातं. दहा-बारा जणांनी हसण्याचं चित्र टाकलं, बॉयलरनीही टाकलं, आणि ती मुलगी ग्रुप सोडून गेली. मला किती बरं वाटलं. तो शेळीचा हिशेब मी तिच्याकडून वसूल केला.

आणि मग काका आले हॉलमध्ये.

तुम्हीच इस्त्री करून दिला होता ना तो निळा शर्ट? मी चहाच्या टेबलामागे होतो. ते दारातच थांबले, फोटो दाराशीच होता. चष्मा काढला, पुसला, घातला. अगदी जवळ गेले, तिथल्या पोरानं हात लावू नका म्हटलं तर मागे झाले. मग पुन्हा जवळ गेले. गर्दी होती, लोक म्हणत होते, वा, काय धूर. आणि काका त्या गवताकडे बघत होते. मी जायला हवं होतं. मी पेले मोजत बसलो, रिकामे पेले. वर पाहिलं तेव्हा ते निघाले होते. नंतर फाटकावर कधी भेटले तरी एक शब्द बोलले नाहीत त्यावर. फक्त ‘काय, येतात का चांगले फोटो’ विचारायचे, आणि मी येतात म्हणायचो.

आणि घरी येऊन तुम्हाला म्हणाले, बारीक आलोय.

नका ना अशा बघू. शिव्या द्या. पाहिजे तर हा फोटो काढतो भिंतीवरून, मालकांना मी बघून घेईन, फाडा इथेच — काय? कसे उभे होते?

फोटोत? पुसायच्या आधी?

ते मला माहीत आहे. ते मला सगळं माहीत आहे काकू, मी त्यांना पडद्याएवढं मोठं करून बघितलंय, तसं केल्याशिवाय पुसता येत नाही. पायाकडून सुरुवात केली होती. उजव्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला. पँट घोट्यापाशी दुमडलेली, एक पाय जास्त, एक कमी. शर्टाचं खालून दुसरं बटण वेगळं होतं, पांढऱ्यात एक तपकिरी — तुम्ही लावलं होतं? हं. डाव्या हातात निशाण, गुंडाळलेलं नाही, पूर्ण उघडलेलं. मनगटाला दोरा. दाढी सकाळीच केलेली, कानाखाली थोडा साबण राहिला होता, तो मला धूर वाटला आधी. आणि कॅमेऱ्याकडे बघून उभे राहिले नव्हते ते, तयारी तशी केली होती, पण गाडी आली तेव्हा तसे राहिले नाहीत. उजवा हात वर होता, असा, पंजा उघडा. आणि तोंड उघडं होतं, चांगलं मोठं, दात दिसत होते. चेहरा शेवटी ठेवला होता मी. बराच वेळ त्या तोंडाकडे बघत बसलो, हे हसतायत की काय करतायत म्हणून.

हसत नव्हते. ओरडत होते, मागे हो म्हणून. मी रुळाच्या फार जवळ गेलो होतो.

तुम्ही या आता, काकू. मालक येतील.