पाठ भिंतीला लावून

मी तुमच्या तोंडाकडं बगत न्हाय म्हनून राग मानू नका, मी त्या फॅनच्या बटनाकडं बगून बोलती, तसंच मला नीट बोलता येतं. तोंडाकडं बगितलं की भुवया, दात, नाकाचा शेंडा हेच दिसत राहतं आन् बोलनं बाजूलाच राहतं. आदी हे सांगायची लाज वाटायची, आता सांगून टाकती. माझं नाव सुमन. जन्म हितलाच, सोलापूरचा, बाप मिलमदी, आई चार घरची धुनीभांडी करायची, आमी दोगंच, दादा थोरला आन् मी धाकटी. मी लई उशिरा बोलली म्हनं, शेजारच्या बाया आईला म्हनायच्या पोरगी मुकी हाय, आन् बोलली ती एकदम आक्खं बोलली, मला मऊ भाकर नको. आदी ‘आई’ म्हनली न्हाय, ‘बाबा’ म्हनली न्हाय, थेट भाकरीवरच आली. आई हे सांगून हसायची, नंतर नंतर हसायची बंद झाली.

कारन मग दुसरं दुसरं सुरू झालं की. शाळंची घंटा वाजली की मी कान दाबून बाकाखाली, कुनी गालाला हात लावला की बोंब, नवा फ्राक अंगाला टोचला की फाडूनच काडायची. आमी बौद्ध मानसं, देवऋषी-अंगारा आमच्यात चालत न्हाय, बापाला तर आजाबात खपायचं न्हाय, पन आईनं त्याला न सांगता एकाकडं नेलं आन् पोटावर बिब्ब्याचे डाग दिले. अजून हायत. त्यानं काय व्हनार? डाग राहिले आन् मी बी तशीच राहिली. गल्लीत नाव पडलं यडी सुमी.

लगीन बी झालं बरं का माजं, न्हाय असं न्हाय. बार्शीला दिलं. मानसं वाईट न्हवती, खोटं कशाला बोलू, पन सासू ताटातल्या भातावर वरनं आमटी वतायची, न इचारता, आन् कालवलेलं वलं मला गिळतच न्हाय, मग मी कडक भाकर आन् शेंगाची चटनीच खायची, तर ती म्हनायची ही सोलापूरची नखऱ्याची. आन् नवरा कदी मागनं येऊन खांद्यावर हात टाकायचा, मायेनंच टाकत असंल, पन मी अशी किंचाळायची की शेजारी धावत यायचे, मग त्यो तरी किती दिवस सोसनार. वरसाच्या आतच दादा येऊन घिऊन गेला. लोक म्हनली नांदली न्हाय. आता नांदली न्हाय म्हनजे काय, मला नांदायचं न्हवतं असं न्हाय ओ, मला ते जमतच न्हवतं, पन हे सांगायला शब्दच न्हवता माझ्याकडं.

आता खरी गोष्ट सांगती. दादाला पोरगं झालं, राहुल. आमच्यात बारशाला आत्याचा मान असतो, तुमाला ठावच असंल, पाळन्यात वाकून आत्या बाळाच्या कानात कुर्र करती आन् नाव सांगती, आन् सांगितलं की मागच्या बाया तिच्या पाठीत बुक्के घालत्यात, गमतीचे. मला हे माहीत न्हवतं असं न्हाय. मी म्हनलं सोसीन, एवढ्या एका दिवसाचं काय, नवऱ्याचं घर गेलं पन आत्या तर मी हाय की. नवं लुगडं नेसली, ते टोचत व्हतं तरी नेसली. वाकली, कुर्र केलं, आन् नाव घ्यायच्या आदीच मागनं बुक्के सुरू झाले, धा-बारा हात, खिदळनं, बांगड्या, काय सांगू तुमाला, मला वाटलं छत पडलं पाठीवर. मी वरडली, हात मागं झाडला, घुगऱ्याचं ताट उडालं, पाळना हिंदकळला, पोरगं रडाया लागलं. पोराला कायबी झालं न्हाय, हे मी आजबी सांगती, कायबी झालं न्हाय. पन वैनीनं पोर उचललं आन् म्हनली हिला लांब करा. नाव शेजारच्या बाईनं सांगितलं.

तवापास्नं मी लांबच. त्याच घरात, मागच्या खोलीत, पन लांब. दादा काय बोलायचा न्हाय, वैनी जेवन द्यायची, पन राहुलला माझ्या मांडीवर कदी दिला न्हाय. त्यो दारात येऊन उभा राहायचा, मी त्याला शेंगा द्यायची, वैनीनं हाक मारली की पळायचा.

मग मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टावेलच्या कारखान्यात लागली, घडी घालायला. माग चालत्यात तितं आवाज असा की मानूस यडा व्हावा, पन आमचं घडीचं पलीकडच्या खोलीत, आन् कानात घालायला कापूस तितं काय कमी हाय व्हय? माझ्या शेजारी रेहानाआपा, तिनं पयल्याच दिवशी बगितलं मी बोलत न्हाय, कुनी चेष्टा केली की ती म्हनायची, उसे छेडो नक्को, काम की पक्की है वो. तिनं मला कदी हात लावला न्हाय, काय पायजे असलं तर टेबलावर टकटक करायची. तिला कुनी शिकवलं हे? कुनी न्हाय. डोळे उघडे ठेवले व्हते बाईनं, एवढंच. तितं मी सुकात व्हती. पन घरी येताना रोज वाटायचं, सुमन, तुजा जन्म फुकट गेला. सौंसार न्हाय, पोर न्हाय, मानसात बसनं न्हाय, कशाला आलीस तू.

राहुल मोठा झाला, लगीन झालं, प्राजक्ता आली घरात. ती शाळंत बारक्या पोरांची बाई हाय. एकदा तिचं कसलं तरी ट्रेनिंग झालं, तितनं आली आन् माझ्या खोलीत लांब बसली, आन् म्हनली, आत्या, गर्दीत तुमाला काय व्हतं? आता बगा, जलमभर मला लोकांनी इचारलं तुला काय झालंय, पन मला काय व्हतं हे कुनीच इचारलं न्हवतं. मी सगळं सांगितलं. लई येळ सांगत व्हती, चहा गार झाला तिचा.

तिनं डॉक्टरीनबाईकडं नेलं. ती बाई दोन-तीनदा बोलली माझ्याशी, आईनं लहानपनचं काय काय सांगितलं व्हतं ते बी इचारलं, मग म्हनली तुमाला ऑटिझम हाय, मराठीत स्वमग्नता म्हनत्यात, जन्मापास्नं असतं, हे यड न्हवं, तुमचा मेंदू वेगळ्या रीतीनं चालतो. मी म्हनली औषद? ती म्हनली यावर औषद न्हाय, कारन ह्यो आजार न्हाय. तुमी काय चूक केली न्हाय, ती म्हनली. रिक्षात बसल्यावर मला हसू आलं. एवढं हसू की रिक्षावाला आरशात बगाया लागला. वझं उतरलं की मानूस हसतंच.

पन घरी आली आन् दुसऱ्या दिवसापास्नं जो राग आला! कामावर गेली न्हाय. पन्नाशी उलटल्यावर सांगताय व्हय मला? मग बिब्ब्याचे डाग कशापायी? बार्शी कशापायी? ते बुक्के कशापायी? एक मानूस शाना निघाला असता तर माजं कायतरी झालं असतं. प्राजक्ता म्हनली, आत्या, वाया कायच जात न्हाय. मी म्हनली गप, जातं. गोड बोलू नकोस, गेलंय ते गेलंय. ती गप बसली, ते मला आवडलं.

ती तवा पोटुशी व्हती. पोरगी झाली. राहुलला बहीन न्हाय, मावसबहिनी हायत ढीगभर, पन त्यो माझ्या दारात आला, लहानपनी यायचा तसाच, आन् म्हनला, आत्या, नाव तू सांगायचं. मी म्हनली, तुज्या आईला इचार. त्यो म्हनला, इचारलंय. मी म्हनली बुक्के? त्यो म्हनला, ते माझ्यावर सोड. रातभर झोप न्हाय मला. परत तसंच झालं तर? परत पाळना हालला तर मग मला त्या घरात तोंड राहिलं नसतं.

बारशाच्या दिवशी राहुलनं पाळनाच भिंतीकडं सरकवला. मला भिंतीला पाठ लावून बसवलं, मागं कुनी न्हाय, नुस्ती गार भिंत. माईक बंद, फॅन बारीक, लुगडं जुनंच, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्रिसरन पंचशील झालं, आन् मी वाकली. पोरीचं नाव अन्विता, आताची नावं लई अवगड ओ, घडी घालता घालता पाठ केलं व्हतं. कुर्र केलं आन् सांगितलं. सगळं सांगितलं, आक्खं. पोरगी हालली बी न्हाय.

बायांना कळंना, आता बुक्के घालायचे का न्हाय. तर वैनीच म्हनली, बुक्क्याबिगर बारसं कसलं ओ? मी पाठ भिंतीला आनखी घट्ट लावली. तेवढ्यात राहुल पाळन्यापुढं येऊन वाकला, पाठ पुढं केली आन् म्हनला, आत्याचे बुक्के मला घाला. पयली बुक्की वैनीनंच घातली. मग काय, तुटून पडल्या सगळ्या, त्यो आई गं आई गं करतोय आन् घर हसतंय. वैनी रडत व्हती का हसत व्हती मला कळलं न्हाय, मला कळत न्हाय ते, मी मागनं प्राजक्ताला इचारलं, ती म्हनली दोनी.

त्यो असा वाकलेला, कान माझ्या तोंडापशी. मी त्याचा कान धरला, कुर्र केलं आन् म्हनली, राहुल. त्यो तसाच वाकून राहिला, मग म्हनला, लई उशीर केलास आत्या. मी म्हनली, व्हय, मी बोलली बी उशिराच.

आता मला बरं हाय. कामाला जाती, राग येतो अधनंमधनं, त्यो यीलच, पन फुकट गेला जन्म असं रोज वाटायचं ते आता रोज वाटत न्हाय. अन्विता मांडीवर असती माझ्या. हाका मारल्या तरी कदी कदी बगत न्हाय, फॅनच्या बटनाकडंच बगत बसती. बारकी हाय म्हनून असंल, न्हायतर माझ्यावर गेली असंल. गेली तर जाऊ दे. मऊ भाकर नको म्हनली तर कडक करून घालीन. तिला काय व्हतं ते इचारनारं मानूस जन्मापास्नंच हाय घरात.