मिठाच्या पाण्याची बादली

मंडळी, नमस्कार. बसा ना, मागे अजून खुर्च्या आहेत. मंडळाचे लोक आलेत, मंडी मोहल्ल्यातले शेजारी आलेत, बेळगोळच्या कारखान्यांमधूनही काही जण सुट्टी टाकून आलेत. आक्कांना हे बघून बरं वाटलं असतं. वर लगेच म्हणाल्या असत्या, "इतके लोक आले, आणि पंखा एकच चालू?"

मला बोलायला उभं केलंय. बोलायचं खूप आहे. आक्का मला सांगायच्या, "शुभांगी, आधी रडून घे, मग बोल. दोन्ही एकदम केलंस तर समोरच्याला काहीच कळत नाही गे." म्हणून मी घरूनच रडून आलेय.

आक्का माझ्या सासूबाई. आपल्या सगळ्यांच्याच आक्का. मघाशी कुणीतरी म्हणालं, त्या फार शांत होत्या, सोशिक होत्या. कुणाबद्दल बोलत होतात? आमच्या आक्का भांडायच्या. शाईवाल्याशी भांडायच्या, गिऱ्हाइकाशी भांडायच्या, माझ्याशी तर रोज. भांडण झालं की "साकु, पुरे झालं, आता जेव" म्हणून ताट वाढायच्या. त्या भांडणाशिवाय घर कसं लागतं, ते गेल्या पंधरा दिवसांत कळलं.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन इथे म्हैसूरला आले, तेव्हा परसात झाकण ठेवलेली एक बादली दिसली. आत खारं पाणी. मला वाटलं, लोणच्याचं काहीतरी चाललंय. झाकण उघडलं तर आत निळ्या पिंपाचे कापलेले तुकडे आणि त्यांवर चिकटवलेली आमची लेबलं! मी विचारलं, "आक्का, हे काय?" म्हणाल्या, "हा आपला समुद्र."

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे, आमच्या दुकानात लग्नपत्रिका छापत नाहीत. आम्ही पिंपांवरची आणि खोक्यांवरची धोक्याची लेबलं छापतो. आत पेट घेणारं काही आहे, की कातडी जाळणारं आहे, की विष आहे, ते बाहेरून सांगणारी. हा माल जहाजानंही जातो. त्यासाठी नियम आहे. पिंप समुद्रात पडलं आणि तीन महिने पाण्यात राहिलं, तरी त्याच्यावरचं लेबल टिकलं पाहिजे, वाचता आलं पाहिजे. आता म्हैसूरला समुद्र कुठून आणायचा? प्रयोगशाळेचा दाखला यायचा, पण आक्कांचं त्यावर समाधान नव्हतं. "समुद्र नाही तर काय झालं? मीठ आहे, बादली आहे." शाई बदलली की नवी लेबलं बादलीत. तीन महिन्यांनी बाहेर काढायची आणि पदरानं खसाखसा घासायची. रंग पदराला लागला, तर ती शाई परत. त्यांच्या सगळ्या सुती साड्यांचे पदर असे डागाळलेले आहेत. त्या साड्या मी कुणालाही देणार नाही, आत्ताच सांगते.

हे कुठून आलं? पहिल्या रांगेत महादेवण्णा बसलेत. वरुणा गावचे. आयुष्यभर टेम्पो चालवला. त्यांनीच मला सांगितलं, कारण आक्का सांगायला लागल्या की मध्येच उठून कामाला लागायच्या. एकदा भर पावसात बेळगोळच्या रस्त्याला महादेवण्णांचा टेम्पो कलंडला. एक कॅन फुटला. लेबलावरचा रंग पावसानं ओघळून गेला होता, कोरा कागद उरला होता. यांना वाटलं, साबणाचं पाणी असेल. उघड्या हातांनी कॅन उचलून बाजूला ठेवले. त्या हातांचं काय झालं, ते तुम्ही बघताच आहात.

ते लेबल आमच्या दुकानात छापलेलं होतं.

आक्का त्यांना बघायला दवाखान्यात गेल्या. मग याच सभागृहात, भरल्या हळदीकुंकवात उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्या छापाचा रंग सुटला. त्या माणसाचे हात आमच्यामुळे भाजले." मंडळी, हे घराणं रंगाऱ्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या लुगडी रंगवलेली. रंगाऱ्याच्या घरात रंग सुटला म्हणजे नाक कापलं गेलं. ते त्यांनी चारचौघांत स्वतःच्या तोंडानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी परसात बादली आली.

आता पंधरा दिवसांपूर्वीचं सांगते. आक्का गेल्या त्या दिवशी, रीतीप्रमाणे घरातलं भरलेलं सगळं पाणी ओतलं. हंडे, कळशा, पिंप आणि परसातली बादली. तुकडे भिंतीकडेला पडले आणि सकाळी कचरागाडीतून गेले. एका मोठ्या कामासाठी नवी शाई आणली होती, तिचे होते ते. तीन महिने भरत आले होते. ज्या मावशींनी पाणी ओतलं, त्या सारख्या म्हणतायत, माझ्या हातून पाप झालं. मावशी, नाही हो. तुम्ही रीत पाळलीत. आक्कांनीही बादली ओतलीच असती. फक्त आधी लेबलं काढून घेतली असती!

सुतकात एक गृहस्थ भेटायला आले. हे मोठं काम त्यांचंच. आजही आलेत, नाव घेणार नाही. पूर्वी एकदा साध्या खोक्यांवर तपासणीचा ठसा छापून द्या म्हणून हेच आले होते. तो ठसा म्हणजे खोकं उंचावरून टाकून बघितलं, त्याच्यावर वजन रचून बघितलं, आणि ते टिकलं. आक्का म्हणाल्या होत्या, "परीक्षेला बसला नाही, त्याला पास कसा लिहू? बेडा, नको!" तेच गृहस्थ सुतकात मला म्हणाले, "वहिनी, इतके दिवस भिजलीच होती ना लेबलं? आता छापून टाका. आता विचारणारं कोण आहे?"

आता विचारणारं कोण आहे?

घरात सुतक होतं. तेव्हा त्यांना फक्त दारापर्यंत सोडलं. आज सगळ्यांसमोर बोलते. विचारणारी मी आहे. विचारणारे महादेवण्णा आहेत. उद्या कुठल्या तरी रस्त्यावर टेम्पो उलटेल, आणि बंबवाला लांबून बघेल, की पाणी मारू का नको. तो विचारणार आहे. त्याला उत्तर द्यायला तिथे आक्का नसतील, मी नसेन, तुम्हीही नसाल. तिथे फक्त ते लेबल असेल.

तेव्हा साहेब, तुमचं काम तीन महिन्यांनी होईल. त्याआधी नाही. दुसरीकडे न्यायचं असेल, तर जरूर न्या. माझं आणि माझ्या नवऱ्याचं, प्रकाशचं, बोलणं झालंय. हे काम गेलं तर आम्हाला जड जाईल, खोटं कशाला बोलू? मशीनचा हप्ता आहे, दुकानातल्या माणसांचे पगार आहेत. तरी नाही. दुकान उघडं राहील, आणि आक्कांच्याच अटींवर राहील. मी आक्कांएवढी भांडकुदळ नाही, पण शिकेन. वेळ आहे माझ्याकडे.

सुतक फिटलं त्या सकाळी महादेवण्णा दारात आले. हातात खडेमिठाची पिशवी. सरळ परसात गेले. मी पाणी ओतलं, त्यांनी मीठ घातलं. त्याच हातांनी. मग नवीन तुकड्यांवर त्याच शाईची लेबलं लावून मी आत सोडली.

आता आपण सगळे श्रद्धांजलीला शांत उभे राहू या. मी घड्याळ बघणार नाही. आक्कांना एवढा वेळ गप्प बसलेली माणसं कधी बघायला मिळाली नाहीत, आज मिळू देत. महादेवण्णा, तुमचं वय झालं, तुम्ही बसूनच राहा.

आक्का, नमस्कार करते. बादली भरली आहे. तीन महिन्यांनी लेबलं मी काढेन, आणि पदर माझा असेल.