हाताचं माप

राणी: घाल ना अंगठा. लाजतेस काय, तुझाच आहे हा बोलिंगचा बॉल.

ताई: जात नाहीये.

राणी: जाईल. जरा फिरवून घाल. मास्तर, हिला दाखवा ना कसा धरायचा ते.

मास्तर: दाखवायचं काही नाही त्यात. भोक लहान पडतंय त्यांना.

राणी: लहान कसं पडेल? माझ्या मापानं पाडलंय.

मास्तर: मी तरी दुसरं काय म्हणतोय? तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, ज्याचा बॉल त्याचा हात घेऊन या. एकतीस वर्षं या मशीनवर भोकं पाडतोय मी. एका बहिणीचा हात मोजून दुसरीचा बॉल करायला कुणी आलं नव्हतं.

राणी: अहो, हिला सरप्राइज द्यायचं होतं. हात मागायला गेले असते तर हिनं दहा प्रश्न विचारले असते. आणि आमचे हात सारखेच आहेत. आई म्हणायची, दोघींत मिळून एक हातमोज्यांचा जोड पुरतो.

ताई: पुरायचा. तू नवा घ्यायचीस आणि जुना मला मिळायचा.

राणी: झालं सुरू. मास्तर, बघा, हिच्यासाठी इतकं केलं तरी हिचं तोंड वाकडंच.

मास्तर: वाकडं-सरळ मला कळत नाही, मला हात कळतो. यांच्या अंगठ्याचा सांधा बघा, कसा सुजून बसलाय. वर्षानुवर्षं ओलं पिळलं की होतो असा.

ताई: चादरी. दिवसाला दोन, कधी तीन.

राणी: वॉशिंग मशीन घेऊन दिलं होतं मी.

ताई: दिलं होतंस. ते पाणी काढून टाकायचंच नाही. तुला दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं.

मास्तर: आणि हा बॉल बारा पौंडांचा आहे. नवशिक्याला बारा म्हणजे खांद्याचं वाटोळं. या तर आठचा टाकतात.

राणी: ती कितीचा टाकते ते तुम्हाला काय माहीत?

मास्तर: बुधवारी सकाळचा नवशिक्यांचा गट मीच घेतो. या आल्यापासून नऊ बुधवार झाले. हॉलचा निळा बॉल उचलतात, त्याची भोकं इतकी ढगळ की मूठ आवळल्याशिवाय हातात राहत नाही. मीच मागे लागलो होतो की आता स्वतःचा घ्या. तुम्ही ‘ताईसाठी, ताईसाठी’ म्हणत होतात ती ताई म्हणजे याच, हे मला आत्ता कळतंय. नाहीतर मी उजव्या हाताचा पाडलाच नसता.

राणी: म्हणजे?

मास्तर: म्हणजे या डाव्या हाताने टाकतात.

राणी: काहीतरी काय. दुसऱ्या कुणाला बघितलं असेल तुम्ही. ताई लिहिते उजव्यानं, भाजी चिरते उजव्यानं. लहानपणी मला धपाटे घालायची तेही उजव्यानं.

ताई: मी डावीच आहे.

राणी: कधीपासून?

ताई: जन्मल्यापासून. आईनं मोडून काढली ती सवय. डाव्या हातात पेन्सिल धरली की त्याच बोटांवर लाकडी पट्टी बसायची. तुझा जन्म व्हायचा होता तेव्हा. तू झालीस तोवर मी सुधारले होते.

राणी: कधी बोलली नाहीस ते.

ताई: कोणत्या निमित्तानं बोलायचं?

राणी: बरं, डावी तर डावी. पण आता चौपन्नाव्या वर्षी डाव्याचं खूळ कशाला? जन्मभर सगळं उजव्यानं केलंस, बॉलही टाक की.

मास्तर: मीही पहिल्या दिवशी तेच विचारलं होतं. म्हणाल्या, उजवं मनगट वळत नाही.

राणी: काय झालं मनगटाला?

ताई: काही नाही, जुनं आहे.

राणी: किती जुनं?

ताई: चार वर्षांपूर्वीचं. आईला बाथरूममधून उठवत होते. तिचा पाय सटकला आणि सगळा भार माझ्यावर आला. कट्‍कन आवाज झाला. आधी वाटलं तिचंच हाड मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवडे प्लास्टर सांगितलं.

राणी: मला प्लास्टर बघितलेलं आठवत नाही.

ताई: कसं आठवेल? तुमच्या ऑफिसची टीम तेव्हा बाहेरगावी बोलिंग खेळायला गेली होती, दोन रविवार तुझे चुकले. तू भेटायला आलीस त्याच्या आधीच मी ते कापून काढलं होतं, दोन आठवड्यांत. प्लास्टरच्या हातानं तिची कूस कोण बदलणार होतं?

राणी: मला फोन करायचास.

ताई: केला होता. तू फोन उचलल्या उचलल्या म्हणालीस, ताई, आम्ही पहिले आलो. मागे आरडाओरडा चालला होता. मी अभिनंदन म्हणाले आणि ठेवला.

राणी: म्हणजे आता तुला वजन उचलवत नाही?

ताई: पाण्याची बादली डाव्यानं उचलते.

राणी: आणि माणूस?

ताई: कुठला माणूस?

राणी: नाही, सहज विचारलं.

ताई: राणी, तू सहज काही विचारत नाहीस. तू पाच वर्षांची असल्यापासून ही खोड ओळखते मी. आधी गळ्यात पडायचीस आणि मग हळूच फुटलेली बशी दाखवायचीस.

राणी: चल, बाहेर कॉफी घेऊ. तिथं बोलू निवांत. मास्तरांसमोर घरचं कशाला?

ताई: मास्तरांसमोरच बोल. बाहेर गेलो की तू रडशील. आणि तू रडलीस की मी हो म्हणते.

मास्तर: मी मागे जाऊन मशीन पुसू का?

ताई: नका जाऊ. तुम्ही माझ्या डाव्या हाताचं माप घ्या. बोल राणी.

राणी: सासूबाई पडल्या. तीन आठवडे झाले. खुब्याचं हाड गेलं. डॉक्टर म्हणतात, आता त्या पलंगावरून उठायच्या नाहीत. माझी नोकरी, यांची फिरती. एक बाई ठेवली होती, चौथ्या दिवशी पळून गेली. सासूबाईंचा स्वभाव तुला माहीत आहे.

ताई: माहीत आहे. तुझ्या लग्नात त्यांनी मला कामवाली समजून कपबशा विसळायला लावल्या होत्या.

राणी: म्हातारं माणूस, चुकलं असेल. मला एवढंच वाटलं की तू आता एकटी. त्या दोन खोल्यांत भिंतींकडे बघत बसतेस. त्यापेक्षा आमच्याकडे यावंस, माणसात राहावंस. तुझ्यासाठी खोलीसुद्धा काढून ठेवली आहे.

ताई: कुठली खोली?

राणी: सासूबाईंच्या शेजारची.

ताई: तुमच्याकडे त्यांच्या खोलीशेजारी जिना आहे.

राणी: म्हणजे त्यांचीच. पण मध्ये पडदा लावलाय. चांगला जाड आहे.

मास्तर: हात सैल सोडा ताई. बोटं ताठ ठेवली तर माप लांब येतं.

ताई: हं. पुढे बोल.

राणी: पुढे काय? आमच्या घराजवळही बोलिंगचा हॉल आहे, तुझा बुधवार बुडणार नाही. त्यासाठीच तर बॉल केला. मला वाटलं, खूश होशील.

ताई: आई जाऊन चार महिने झाले. अकरा वर्षं मी तिच्याशिवाय कुठं गेले नाही, वाण्याच्या दुकानापलीकडचा रस्ता बघितला नाही. पहिल्या बुधवारी या हॉलच्या दारात अर्धा तास उभी होते. आत गेलं तर कुणी ओरडेल असं वाटत होतं. आणि तू मला पडदा लावून ठेवलास.

राणी: असं बोलशील तर सगळंच वाईट दिसेल. मी काय मजा मारत होते का? आईची औषधं कोण आणायचं? दवाखान्याच्या रांगेत कोण उभं राहायचं? दर रविवारी येत नव्हते मी?

ताई: यायचीस. साडेचार ते साडेपाच. आई सकाळपासून केस विंचरून मागायची तुझ्यासाठी.

राणी: मग?

ताई: शेवटचं वर्षभर ती मला नर्सबाई म्हणायची. नर्सबाई, माझी राणी कधी येणार? तिच्या डोक्यात एकच मुलगी उरली होती, आणि ती मी नव्हते. मी तिला सांगायचे, येईल हं रविवारी. चमचा मात्र उजव्या हातात धरायला लावायची शेवटपर्यंत. ते विसरली नाही.

राणी: ताई, मला हे माहीत नव्हतं.

ताई: आत्ता मी मनगटाचं सांगितलं, तेव्हा तू काय विचारलंस? दुखतं का, असं नाही विचारलंस. माणूस उचलता येतो का, ते विचारलंस.

राणी: चुकले. माझं डोकं ठिकाणावर नाहीये. तीन आठवडे झोप नाही मला. एकदा हो म्हण, मग अर्धं काम मी करीन. रात्रीचं सगळं माझ्याकडे.

ताई: नाही.

राणी: विचार तरी कर.

ताई: अकरा वर्षं विचारच केलाय. नाही.

राणी: असं नाही म्हणता येणार तुला. घरमालकाला मी सांगून टाकलंय.

ताई: काय सांगून टाकलंयस?

राणी: महिनाअखेरीला खोल्या रिकाम्या करतोय म्हणून.

ताई: मला न विचारता?

राणी: करारावर सही माझी आहे. आईच्या मागे मीच केला ना तो, तू म्हणालीस तुला कागद जमत नाहीत. आणि तुला विचारलं असतं तर तू सहा महिने घोळ घातला असतास. नवीन भाडेकरूही ठरलेत. आता मागे फिरता येणार नाही.

ताई: बत्तीस वर्षं राहते मी तिथं.

राणी: भाड्याच्या खोल्या आहेत ताई. कधी ना कधी सोडायच्याच होत्या.

ताई: खरं आहे. कागद मला जमत नाहीत, म्हणून मी तुझ्यावर सोपवले. घरातली हुशार तू. ही मात्र माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही. मास्तर, झालं का माप?

मास्तर: अंगठ्याचं आणि मधल्या बोटाचं झालं. तिसरं राहिलंय.

ताई: ते घ्याल सावकाश. आधी सांगा, कुठला बॉल घेऊ?

मास्तर: पहिला बॉल साधा प्लास्टिकचाच घ्यावा. तो चकचकीत दिसतोय ना, तो शेवटी वळतो, त्याला नुसता भाव खायला येतो. नवशिक्याला तो कुठं जाईल कळत नाही. साधा सरळ जातो. चुकलात तर चूक तुमची आहे एवढं तरी समजतं. वजनाला दहा पौंड करू. तुमच्या मापाचा असला की दहाचाही पेलतो, मूठ आवळावी लागत नाही.

राणी: आणि या बाराच्या बॉलचं काय करायचं? भोकं बुजवून यातच डाव्याची पाडा ना. नवा कशाला?

मास्तर: बुजवता येतात. पण वजन बाराच राहणार.

ताई: तो नकोच. रंग कुठले आहेत?

मास्तर: काळा आहे, राखाडी आहे. हा जांभळा नमुन्याला ठेवलाय, तो मागवावा लागेल.

ताई: जांभळा.

राणी: या वयात?

ताई: हो, या वयात.

राणी: डोक्यावर छप्पर नाही आणि जांभळा बॉल हवाय. लोक हसतील तुला.

ताई: हसू देत.

राणी: आई असती तर तिला काय वाटलं असतं, याचा विचार कर.

ताई: आई असती तर मी इथं नसतेच.

राणी: ठीक आहे. तुझं तू बघ. महिनाअखेरीला सामान रस्त्यावर आलं की मला फोन करू नकोस.

ताई: नाही करणार.

राणी: मी खरंच सांगतेय, ताई.

ताई: मीही. जा तू, सासूबाईंची कूस बदलायची वेळ झाली असेल. दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. आणि खांद्याखाली हात घालून उचल, दंडाला धरून नको. मनगट जपून.

(राणी निघून जाते. बारा पौंडांचा बॉल काउंटरवरच राहतो.)

मास्तर: विसरून गेल्या.

ताई: विसरली नाही. तिची टाकून जायची पद्धत आहे.

मास्तर: पाणी देऊ?

ताई: नको. हे तिसरं बोट घ्या.

मास्तर: घेतो. जरा टेकवा. हां. ताई, मी मध्ये पडायचं काही कारण नाही, पण खोल्यांचं काय करणार?

ताई: माहीत नाही. आयुष्यात स्वतःसाठी खोली शोधलेली नाही मी. कुठं विचारायचं असतं, तेही माहीत नाही. घरी गेले की बहुतेक रडेन. आत्ता नाही.

मास्तर: झालं माप. आता हा फॉर्म. नाव बुधवारच्या यादीत आहे, ते मी लिहून घेतो. बॉल आठ-दहा दिवसांत येईल, भोकं पाडायला एक दिवस. पुढच्या महिन्याची दोन-तीन तारीख धरा. जड असतो, त्या मनगटानं नेऊ नका, आमची गाडी घरपोच देते. पत्ता सांगा.

ताई: दोन-तीन तारीख म्हणालात?

मास्तर: फार तर चार.

ताई: मग पत्त्याची जागा तूर्त कोरी ठेवा.