कोळशाच्या रेघांतला पुंजा

ऐंशी-एक्क्याऐंशी साल असेल. नाशिकच्या एसटी स्टँडवर नामपूरच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे दोन जावा उभ्या होत्या. धाकटी नुकतीच कुठूनशी येऊन थोरलीला मिळाली होती.

"कुठं होतीस गं चांगुणा?"

"आक्का, वाचनालयाच्या हॉलात चित्रं लावलीत. पुतळे घडवणारा तो, त्याची."

"आपण धरणाच्या कामावर होतो तवा कोळशानं तुला काढायचा, तोच?"

"तोच. मी नि माझा पुंजा. भिंतभर आम्हीच."

"पुंजाचा तर साधा फोटोबी नाय आपल्याकडं. तापानं गेला तवा एवढंसं लेकरू होतं."

"म्हणून तर गेले."

"तसाच दिसतो का गं?"

"नाक नाय, डोळे नाय, नुसत्या रेघा. पण माझ्या खांद्यावर मान टाकलीय ना, ती त्याचीच."

"मग त्या माणसाला सांगितलंस?"

"सांगितलं. पोर राहिलं नाय, हेबी सांगितलं. मग म्हणाला, यातलं आवडंल ते घरी न्या."

"मग कुठंय?"

"नाय आणलं."

"अगं येडे!"

"भिंतीवरून काढायलाच उठला होता, आक्का. तेवढ्यात एक बाई लेकीला घेऊन आली. लेक मोठ्यानं बोलाया लागली, तर बाई चित्राकडं बोट करून तिला म्हणाली, हळू गं, बाळ निजलंय."

"मग?"

"मग मी म्हणलं, राहू द्या. चपला हातात घेतल्या नि हळूच बाहेर आले."